अप्पांचं हृदय आणि माझी बी.एस्सी.

आमच्या सासऱ्यांचं हृदय मी एका शनिवारी संध्याकाळी, चहा पिता पिता, निकामी केलं.

हत्यार म्हणून माझ्याजवळ फक्त एक चष्मा आणि बी.एस्सी.ची पदवी होती. (विषय वनस्पतिशास्त्र. लग्न ठरताना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही आपण होऊन सांगत बसले नव्हते.)

आमचं घर कर्नाटकाच्या सीमेवरच्या आळंदला. नवऱ्याचं, म्हणजे महांतेशचं, तूर-ज्वारीचं अडत दुकान. सासरे शरणप्पा, त्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते. सासू गुरुबाई, त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. आणि मी शैलजा, इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. घरात भाषांची काही अडचण नाही. अव्वा देवाशी कन्नडमध्ये बोलतात, माझ्याशी मराठीत भांडतात आणि शेजारच्या खाजामियाँच्या शेळीला हिंदीत हाकलतात. फक्त इंग्रजी आलं की सगळे माझ्याकडे बघतात. औषधाची बाटली असो, मिक्सरचं गॅरंटी कार्ड असो, नाहीतर कीटकनाशकाचा डबा असो, वाचायचं मी! आणि विज्ञानाची बाई असल्यामुळे घरातली डॉक्टरकीही हळूहळू माझ्याकडेच आली होती. कुणाला शिंक आली तरी अव्वा म्हणायच्या, "शैलाला दाखवा आधी." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

तर झालं असं, की अप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनआधी हृदय तपासून या. म्हणून महांतेश त्यांना घेऊन कलबुर्गीला गेला. तिथे अप्पांच्या छातीला वायरी लावून ईसीजी काढला, मग थंडगार जेली फासून इको केला. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना घरच्या लग्नाला जायचं होतं. त्या जाता जाता म्हणाल्या, "रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. तो घेऊन सोमवारी या, मी समजावून सांगते."

समजावून सांगायला सोमवारपर्यंत थांबायचं? आणि मी घरात असताना?

महांतेश घरी येऊन चप्पल काढतोय तोवर मी त्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. अप्पा झोपाळ्यावर बसले. अव्वा शेंगा फोडत होत्या, त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी चष्मा लावला, घसा साफ केला आणि वाचायला लागले.

पहिल्याच ओळीत ठेच लागली. "सायनस ऱ्हिदम."

"सायनस?" अव्वा म्हणाल्या. "म्हंजी ते सर्दीचं?"

"हो."

"ह्यास्नी तर सर्दी न्हाई."

मी रिपोर्टकडे पुन्हा पाहिलं. लिहिलेलं तर स्पष्ट होतं. शिक्षकाला 'मला माहीत नाही' हे वाक्य येत नाही, त्यामुळे मी गंभीर चेहरा करून म्हणाले, "नाकाला नाही अव्वा. हृदयाला झालंय."

"अय्यो शिवा! छातीत उतरली!" अव्वा उठल्या आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायला आत धावल्या.

"पुढं वाच," महांतेश म्हणाला.

"लेफ्ट ॲक्सिस डेव्हिएशन. म्हणजे हृदय डावीकडे कललंय."

"ते आधीपासून डावीकडंच असतंय की," अप्पा शांतपणे म्हणाले.

"त्याच्याही डावीकडे, अप्पा."

अप्पा झोपाळ्यावर उजवीकडे जरा सरकून बसले.

यापुढचा शब्द होता रिगर्जिटेशन. हा मात्र मी डिक्शनरीत बघितला, म्हणजे कुणी म्हणायला नको की बाई अंदाजपंचे बोलते. डिक्शनरीत अर्थ होता, 'गिळलेलं अन्न परत वर येणे.' मी हळूच पुस्तक मिटलं.

"काय झालं?" महांतेशनं विचारलं.

"हृदयाला उलट्या होतायत."

अव्वा गरम पुरचुंडी घेऊन बाहेर येत होत्या, त्या दारातच थांबल्या. "सकाळी उपीट खाऊ नका म्हणले होते मी!"

मग आला तो आकडा. एलव्हीईएफ, साठ टक्के. हे डावं हृदय रक्त किती टक्के बाहेर ढकलतं त्याचं माप, एवढं मला माहीत होतं. ते किती असायला हवं, तेवढं मात्र माहीत नव्हतं. (मी ज्या जिवांचा अभ्यास केला होता, त्यांना हृदय नसतं. त्यांचं सगळं मुळापासून पानापर्यंत नळ्यांतून आपोआप चालतं.) शाळेच्या हिशेबानं साठ म्हणजे फर्स्ट क्लास. पण महांतेश अडतवाला. त्याच्या डोक्यात वेगळाच हिशेब सुरू झाला.

"साठ? मग बाकीचे चाळीस कुठं गेले?"

"ते... काम करत नाहीत."

"चाळीस टक्के घट!" तो खालीच बसला. "पावसात भिजलेल्या तुरीलाबी एवढी घट येत न्हाई गं!"

"आणि पुढे लिहिलंय, ग्रेड वन डिसफंक्शन. म्हणजे बिघाड. ग्रेड वनचा."

"ग्रेड वन म्हंजी?"

"तूच सांग. तुझ्या बाजारात ग्रेड वन कशाला म्हणतात?"

"एक नंबर मालाला." महांतेश म्हणाला. "म्हंजी अप्पांचा बिघाड एक नंबरचा हाय?"

आता खरं सांगते, मी मोबाईलवरही शोधलं होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'या वयात हे सर्रास आढळते, घाबरण्याचे कारण नाही.' पण ती ओळ मला फार उथळ वाटली. अभ्यासू माणसानं खोलात जायला पाहिजे. मी खाली खाली सरकवत गेले आणि एकदाची मनासारखी भयंकर माहिती सापडली, तेव्हाच थांबले.

शेवटून दुसरी ओळ होती, 'नो क्लॉट, नो व्हेजिटेशन.' इथे माझ्यातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला जाग आली.

"व्हेजिटेशन म्हणजे झाडझाडोरा," मी म्हणाले. "तो अप्पांच्या हृदयात नाहीये."

"झाड कशाला असंल छातीत?" अव्वांना पटलं नाही. त्यांनी तो शब्द तोंडात दोनदा घोळवला. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "व्हेजिटेशन न्हाई म्हणत्यात? आपण तर शुद्ध व्हेज. मग मशिनीत न्हाई कामून आलं?"

 अव्वांनी अप्पांकडे वळून पाहिलं.

"खाजामियाँच्या घरी ईदला काय खाल्लासा?"

"शीरखुर्मा," अप्पा म्हणाले.

"आणि?"

"भात." अप्पांनी मान खाली घातली. "नुसता भात. तुकडे बाजूला काढले हुते."

आयुष्यभर लपवलेली बिर्याणी एका इंग्रजी शब्दानं बाहेर आली! अव्वांनी पुरचुंडी अप्पांच्या छातीवर जरा जोरातच आपटली.

शेवटची ओळ होती, 'एज रिलेटेड चेंजेस.' ती मी वाचली आणि सुस्कारा सोडला. "वय झालंय म्हणतात."

 'वय झालं' हे आपल्याकडे कधी म्हणतात, ते सगळ्यांना माहीत होतं. अप्पांनी झोपाळा पायानं थांबवला आणि मला विचारलं, "पोरी, खरं सांग. किती दिस हायत?"

"असं काही नाही अप्पा," मी घाईघाईनं म्हणाले, "सोमवारपर्यंत फक्त जपायचं."

मला म्हणायचं होतं, सोमवारी डॉक्टर भेटतील. पण अप्पांनी वाक्यातला एकच शब्द उचलला.

"सोमवारपर्यंत," ते म्हणाले आणि आढ्याकडे बघायला लागले.

मला वाटलं, म्हातारा माणूस खचून जाईल. पण अप्पा खचणाऱ्यातले नव्हते. ते उठले, तोंड धुतलं, कपाळाला विभूती लावली, इस्त्रीचा सदरा घातला आणि झोपाळ्यावर ताठ बसून म्हणाले, "एकेकाला बोलवा. जाताना मनात काय ठिवू नये."

पहिला नंबर माझाच लागला.

मी डोळे पुसत समोर बसले. अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शैला, तू लई गुणाची हायस. सून न्हाई, लेक हायस. पण आता जाता जाता खोटं बोलत न्हाई. तुझी शेंगापोळी मी आजपतूर एकबी खाल्ली न्हाई."

माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं. लग्न झाल्यापासून दर सणाला अप्पा माझ्या शेंगापोळीची तारीफ करत आले होते. माहेरच्यांना फोनवर सांगायचे, 'अशी शेंगापोळी उभ्या जिल्ह्यात न्हाई!'

"मग कुठे जायच्या?" मी विचारलं.

"खाजाच्या शेळीला घालायचो. ती पण आधी वास घ्यायची."

तेवढ्यात खुद्द खाजामियाँ धापा टाकत आले. खाजामियाँ म्हणजे अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. बाजारात त्यांचं टेलरिंगचं दुकान, आणि अप्पांचे सगळे कपडे तेच शिवायचे.

"शरणू! ये क्या सुन रऊँ मैं?" खाजामियाँच्या डोळ्यांत पाणी होतं. "तेरे कू कुछ हुआ तो मैं किस से लडूँ?"

अप्पांनी त्यांना जवळ बसवून घेतलं. "खाजा, तू माझा भाऊ हायस. म्हणून सांगतो. तू शिवलेला एकबी सदरा मला नीट बसला न्हाई."

"क्या?"

"एक बाही लांब, एक आखूड. लोक इचारायचे, तर मी म्हणायचो माझाच हात वाकडा हाय."

खाजामियाँनी अप्पांच्या अंगातल्या सदऱ्याकडे पाहिलं. दोन्ही बाह्या ओढून मापल्या. मग दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "इतने साल कायकू नै बोला?"

"दोस्ती हाय म्हणून."

"और अब?"

"आता सोमवारी चाललो की."

खाजामियाँ रडावं की रागवावं या विचारात थोडा वेळ बसले. शेवटी त्यांनी दोन्ही केलं.

इथपर्यंत निभावलं असतं. पण मग अप्पांनी अव्वांना हाक मारली. अव्वा आल्या, बिर्याणीचा राग बाजूला ठेवून, पदरानं डोळे पुसत त्यांच्या पायाशी बसल्या. आम्ही तिघं दाराशी उभे. 

"गुरू, तू माझा संसार सोन्यासारखा केलीस. तुला एक गोष्ट न सांगता गेलो तर मला शांती मिळायची न्हाई."

"बोला की."

"मी तुला बघायला जनवाड्याला आलो हुतो. तवा पाणी घेऊन जी पोरगी आली, ती मला पसंत पडली. मी घरी येऊन हो म्हणलो. लग्नात अंतरपाट काढला, तवा समजलं..."

"काय समजलं?"

"पाणी घेऊन आली ती तुझी धाकटी भैण हुती."

महांतेशनं माझा हात घट्ट धरला. झोपाळ्याची कडी एकदा कुरकुरली. अव्वा सावकाश उठल्या, पदर झटकला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "आता तुमी मेलासा तरी मी तुमच्याशी बोलणार न्हाई!"

आणि त्या आत गेल्या.

रविवारी सकाळी अप्पांनी शेताकडे जायचं काढलं. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, बहुतेक आपल्याच शेतात. अप्पांना आपली जागा स्वतः निवडायची होती. महांतेश म्हणाला, "अप्पा, उद्या डॉक्टरला भेटू, मग बघू." अप्पा म्हणाले, "उद्या मला वेळ हुईल का न्हाई कुणाला ठाव." खाजामियाँ रात्रीतून निवळले होते, तेही सोबत निघाले. मी घरी थांबले, कारण अव्वांना एकटं सोडायची मला हिंमत नव्हती. त्यामुळे शेतात घडलं ते मला नंतर महांतेशनं सांगितलं.

आमचं शेत उमरग्याच्या रस्त्याला लागून आहे. अप्पांना विहिरीजवळचा कोपरा आवडला. खाजामियाँ म्हणाले, "नक्को. बारिश में पानी भरता." मग बांधावरच्या कडुलिंबाखालची जागा बघितली. अप्पा म्हणाले, "हितं सावली हाय, पण तुरीची एक ओळ जाईल." खाजामियाँ भडकले, "मरने के बाद भी तुरी गिनेगा क्या?" दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी अप्पा म्हणाले, "बसूनच बघतो." आणि त्यांनी लिंबाखाली मांडी घातली, पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

गार वारा होता. आदल्या रात्री झोप झाली नव्हती. अप्पांचा डोळा लागला.

महांतेशनं हाक मारली, अप्पा उठेनात. तो घाबरून गुडघ्यावर बसला आणि हात जोडून म्हणू लागला, "अप्पा, उठा हो. घरला चला." खाजामियाँ शेजारी रुमालानं डोळे टिपत होते. (सदऱ्याचं दुःख अजून ताजं होतं.) नेमका त्याच वेळी रस्त्यानं आमचा दूधवाला मोटारसायकलवरून चालला होता. त्यानं लांबूनच पाहिलं. अप्पा मांडी घालून बसलेले, कपाळाला विभूती, मुलगा हात जोडून, दोस्त रडतोय. त्याला वेगळं काही विचारायची गरजच वाटली नाही.

अर्ध्या तासात बाजारातल्या अडत दुकानांची शटरं खाली आली.

इकडे घरी मी चहा टाकत होते, तर दारात बायकांची ही गर्दी! सगळ्या उतरलेल्या तोंडानं आत आल्या आणि अव्वांभोवती बसल्या. अव्वा तूर निवडत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

पलीकडच्या गल्लीतली शांताबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अक्का, रडा हो. मन मोकळं करा."

"कामून रडू?" अव्वा म्हणाल्या.

"अक्का, अप्पा..."

"त्यांचं नाव काढू नका माझ्यापुढं!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मला काही समजेना. मला वाटलं, कालची भानगड गल्लीत पसरली की काय! म्हणून मी समजूत घालायला पुढे झाले. "जाऊ द्या हो. त्यांनी आयुष्यभर मनात ठेवलं होतं, शेवटी बाहेर पडलं. आता त्यांना बरं वाटत असेल."

शांताबाईनं माझ्याकडे असं काही बघितलं, की मी चहाचा ट्रे घेऊन मागे सरकले.

"जागा झाली का पक्की?" एकीनं हळूच विचारलं.

"तेच बघायला गेलेत," मी म्हणाले.

"आणि अप्पांना कधी नेणार?"

"ते स्वतःच गेलेत की. चालत!"

कोपऱ्यातली एक म्हातारी बेशुद्ध पडली.

तिला पाणी मारेपर्यंत दारात जीप थांबली. जनवाड्याहून अव्वांचे भाऊ आले होते. त्यांना आम्ही मामा म्हणतो. अप्पांच्या हृदयाचं रात्रीच कळल्यामुळे ते सकाळी हातातलं काम टाकून भेटायला निघाले होते, आणि अप्पा गेल्याचा फोन त्यांना वाटेत मिळाला होता. हातात झेंडूचा भलामोठा हार, डोळे लाल. "कुठं हायत दाजी?" त्यांनी हंबरडा फोडला आणि त्याबरोबर सगळ्या बायकांनी सूर लावला. मला तेव्हा कुठे प्रकार लक्षात आला. महांतेशचा फोन लागेना. मला वाटलं, खरंच गेले! आणि मीही सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडायला लागले.

रडं अगदी रंगात आलेलं असताना पाठीमागून आवाज आला, "कोण गेलं गं?"

दारात अप्पा उभे होते. मांडी घालून पायाला मुंग्या आल्यामुळे एका बाजूनं महांतेश आणि दुसऱ्या बाजूनं खाजामियाँ त्यांना धरून होते.

सगळं रडणं एका झटक्यात थांबलं. मामा हातात हार घेऊन तसेच उभे. अप्पांनी त्यांना ओळखलं, त्यांना फार बरं वाटलं. "अरे, तू एवढ्या लांबून आलास? हार कशाला आणलास रे?" आणि त्यांनी मान पुढे केली.

 मामांनी हार अप्पांच्या गळ्यात घातला.

सवयीनं दोघींनी टाळ्या वाजवल्या.

या गोंधळात अव्वांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं गेलं. निवडायची तूर सुपातून जमिनीवर सांडली होती आणि अव्वा भिंतीला धरून उभ्या होत्या. अप्पांचा आवाज आल्यावर त्यांनी तोंडात पदर कोंबला. मग मी बघतेय हे दिसताच फटकन म्हणाल्या, "काय बघायलीस? तूर भर ती."

सोमवारी कलबुर्गीला आम्ही सगळेच निघालो. मामांनी जीप थांबवून ठेवली होती. अप्पा पुढे, अव्वा सगळ्यात मागे, मध्ये मी रिपोर्ट छातीशी धरून.  अप्पा अधूनमधून मनगटावरचं घड्याळ बघत होते. सोमवार चालू होऊन बराच वेळ झाला होता आणि त्यांना काहीच होत नव्हतं, याचा त्यांना जरा अचंबा वाटत असावा.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट घेतला, वरून खाली नजर फिरवली आणि मिटून टेबलावर ठेवला. "छान आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून टाका."

"छान?" महांतेश ओरडला. "बाई, चाळीस टक्के घट हाय!"

"कसली घट?"

मग महांतेशनं सगळं सांगितलं. सायनसची सर्दी, डावीकडे कललेलं हृदय, उलट्या, एक नंबरचा बिघाड. बाई ऐकत राहिल्या. आधी त्यांनी पेन खाली ठेवलं, मग चष्मा काढला, मग टेबलावरचा टिश्यू घेतला.

"अहो, सायनस हे हृदयातल्याच एका जागेचं नाव," त्या म्हणाल्या. "ठोका तिथून सुरू व्हायला पाहिजे, आणि ह्यांचा तिथूनच सुरू होतो. कुठलंच हृदय सगळंच्या सगळं रिकामं होत नाही, साठ टक्के म्हणजे उत्तम. रिगर्जिटेशन म्हणजे झडप थोडी पाझरते, ह्यांची अगदी किरकोळ. कललंय तेही थोडंसंच, काळजीचं नाही. आणि ग्रेड वन म्हणजे सगळ्यात खालची पायरी, वरची नव्हे! ह्या वयात असायचंच तेवढं."

"आणि ते व्हेजिटेशन?" मागून अव्वांचा आवाज आला. प्रवासभरातलं त्यांचं हे पहिलं वाक्य!

"झडपेवर जंतूंचा थर जमला तर त्याला म्हणतात. ह्यांना नाही, चांगलंच आहे. जेवणाशी त्याचा काही संबंध नाही."

अव्वांनी अप्पांकडे पाहिलं. नसती कबुली देऊन बसलो, हे अप्पांना तेव्हा उमगलं.

"पण तुम्हाला हे सगळं सांगितलं कोणी?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. महांतेश तरीही अभिमानानं म्हणाला, "आमच्या मंडळी बी.एस्सी. हायत."

"अच्छा? विषय कोणता?"

मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या हृदयाकडे बघत पुटपुटले, "बॉटनी."

बाई खुर्चीतून उठून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हंजी मी मरणार न्हाई?"

"इतक्यात तरी नाही," बाई म्हणाल्या.

"असं कसं?" अप्पा कळवळून म्हणाले. "बाई, मी सगळ्यास्नी सगळं सांगून बसलोय! आता मी घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

यावर डॉक्टरीणबाईंकडे गोळी नव्हती.

घरी आल्यावर अप्पांचे ते दिवस फार वाईट गेले. खाजामियाँ टेप घेऊन आले, भर अंगणात अप्पांचे दोन्ही हात मापले, आणि दोन्ही सारखेच आहेत हे गल्लीला ओरडून सांगितलं. मग मुकाट्यानं नवा सदरा शिवून आणला. त्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या आखूड होत्या. अप्पा म्हणाले, "झकास!" मी लगेचच्या सणाला शेंगापोळी केली आणि अप्पांचं जेवण होईपर्यंत समोर पाट मांडून बसले. ते प्रत्येक घास पाण्याबरोबर गिळत होते.

अव्वा मात्र बोलेनात. जेवायला वाढायच्या, औषध द्यायच्या, पण निरोप माझ्यामार्फत. "शैला, विचार त्यास्नी, भाकरी पायजे का." अप्पा समोरच बसलेले असायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावरची पट्टी निघायच्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यात. पट्टी निघाली, अप्पांनी डोळे मिचकावले. समोर अव्वा उभ्या होत्या.

"दिसतंय का नीट?" अव्वांनी थेट त्यांनाच विचारलं. 

"दिसतंय."

"मग बघून घ्या. पाणी घेऊन आलेली कोण, ते समजलं का आता?" अव्वांच्या हातात पाण्याचा पेला होता.

अप्पांनी पेला घेतला. "तूच हायस," ते म्हणाले. "बरं झालं, तवा मला नीट इचारायचं सुचलं न्हाई."

अव्वांचं तोंड जरा सैल झालं. मग त्या म्हणाल्या, "एक सांगू का? मी दाराआडून बघत हुते त्या दिवशी. मला वाटलं, नवरा म्हंजी तो उंच, कुरळ्या केसांचा. मी पण हो म्हणले."

"कोण उंच?"

"तुमच्या जीपचा ड्रायवर."

अप्पा ठसका लागेपर्यंत हसले. परतीच्या जीपमध्ये दोघं शेजारी बसली. ड्रायव्हर कोण आहे ते अप्पांनी आधी नीट बघून घेतलं, एवढंच.

मला वाटलं होतं, या प्रकरणानंतर गल्लीतलं माझं वैद्यकीय वजन संपलं. उलट ते वाढलं! आता कुणाचा ईसीजी असो, इको असो, रक्ताचा रिपोर्ट असो, आधी माझ्याकडे येतो. मी वाचते, कपाळाला आठ्या घालते, "बरंच गंभीर दिसतंय" म्हणते. मंडळी खुशीत हात जोडतात आणि जाता जाता पेढे घ्यायला वळतात. परवा एका गृहस्थांचा रिपोर्ट मी फार काळजीपूर्वक वाचला, प्रत्येक शब्द तीन ठिकाणी ताडून पाहिला आणि हसून म्हणाले, "काही नाही हो, एकदम ठणठणीत आहात!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. भिंतीला धरत ते बायकोला म्हणाले, "जीप बोलाव लौकर. टीचरनं नॉर्मल सांगितलंय!"